फ्लोअर राइज

मुंबईत नवीन फ्लॅट बघायला गेलात की किमतीच्या कागदावर ‘फ्लोअर राइज’ नावाची एक ओळ दिसते. ठरावीक मजल्याच्या वर प्रत्येक मजल्यामागे चौरस फुटाचा भाव थोडा थोडा चढत जातो. कारपेट एरिया तोच, टाइल्स त्याच, किचनचा ओटाही तोच. जास्तीचे पैसे उंचीचे आणि त्या उंचीवरून जे दिसतं त्याचे. आमच्या भांडुप पश्चिमेत एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात, दुसऱ्या बाजूला रेल्वेपलीकडची मिठागरं, खारफुटी आणि ठाण्याची खाडी.

याच भांडुपमध्ये उंचीचा भाव उलटाही चालतो. हनुमान टेकडी, टेंभीपाडा, खिंडीपाडा या भागांत डोंगराच्या कुशीतल्या वस्त्यांमध्ये जितक्या पायऱ्या चढाल तितकं भाडं उतरतं. वरपर्यंत पाणी नीट चढत नाही. सिलिंडर खांद्यावरून न्यावा लागतो. पावसाळ्यात दरडीची धास्ती वेगळीच. १८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूर आणि विक्रोळीत उतारावरची घरं कोसळून माणसं गेली, तेव्हा इथल्या डोंगरावरही कोणी झोपलं नसणार. (त्याच पावसात भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र पाण्याखाली गेलं आणि शहरातल्या बऱ्याच भागांचे नळ कोरडे पडले. टॉवरवाल्यांना भांडुप त्या दिवशी आठवलं असेल.) म्हणजे बाविसाव्या मजल्याला किंमत येते ती लिफ्टमुळे आणि पंपामुळे. ते काढून घेतलं तर तो मजला म्हणजे टेकडीवरची शेवटची खोली.

त्यामुळे कित्येक वर्षं भांडुपमधला सगळ्यात चांगला व्ह्यू सगळ्यात गरीब लोकांकडे होता. खाली सपाटीला एलबीएस मार्गावर कारखाने होते. जीकेडब्ल्यू, सिएट, एशियन पेंट्स ही नावं पत्ता सांगायला वापरली जायची. कारखाने पसरट असतात, आकाश अडवत नाहीत. ते एकेक करून बंद पडले किंवा आक्रसले आणि सपाटीची जमीन उभी राहायला लागली. त्याला नियमांनीही हात दिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर आला. एखाद्याची जमीन रस्त्यासाठी, बागेसाठी गेली की त्याला बांधकामाचा हक्क कागदावर मिळणार आणि तो हक्क दुसरीकडे वापरता किंवा विकता येणार. मात्र तो मूळ शहरात वापरायचा नाही, उपनगरांत, उत्तरेकडे न्यायचा. म्हणजे दक्षिणेतल्या एखाद्या आरक्षित प्लॉटचे मजले उपनगरातल्या कुणाच्या तरी डोक्यावर चढू शकत होते. हवेतली जागा ही विकायची वस्तू आहे, हे तेव्हाच ठरून गेलं.

प्रश्न असा आहे की रस्त्यावरून दिसणारा डोंगर एका इमारतीमागे गेला, तर कुणाचं काही गेलं का?

कायदा म्हणतो, नाही. १६१० मध्ये इंग्लंडमध्ये अल्ड्रेड नावाच्या माणसाने शेजाऱ्यावर खटला भरला होता. भांडण डुकरांच्या गोठ्याच्या वासाचं होतं, पण निकालात जाता जाता एक भेद केला गेला: उजेड आणि हवा ही गरज आहे, दृश्य ही नुसती मौज आहे, आणि मौज गेली म्हणून दावा लावता येत नाही. आपल्याकडच्या १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टमध्येही वीस वर्षं विनातक्रार मिळालेल्या उजेडावर आणि हवेवर हक्क सांगता येतो. समोरच्या देखाव्यावर नाही.

मला हे बऱ्यापैकी पटतं. जो आधी आला त्याच्या खिडकीला आकाशाची मालकी दिली असती, तर नंतर येणाऱ्यांनी राहायचं कुठे? आमची चार मजली सोसायटी उभी राहिली तेव्हा मागच्या चाळीला किती डोंगर दिसायचा हे कुणी मोजलं नव्हतं. आणि टॉवरमध्ये राहायला येणारे कोणी राक्षस नसतात. त्यातले कितीतरी जण आयुष्यभर दहा बाय बाराच्या खोलीत राहिलेले असतात. शिवाय हिशेबच करायचा तर टॉवरमुळे डोंगर दिसणाऱ्या खिडक्या वाढतातच.

पण खिडक्या मोजून हा हिशेब पूर्ण होत नाही. पूर्वी स्टेशनवरून घरी येणाऱ्या कुणालाही डोंगर दिसायचा. जूनमध्ये तो आठवड्याभरात हिरवा व्हायचा आणि भाजीवाल्यापासून रिक्षाच्या लायनीपर्यंत सगळ्यांना ते एकदमच कळायचं. आई डोंगराकडे बघून कपडे काढायचे की ठेवायचे ते ठरवायची, कारण पाऊस त्याच बाजूने यायचा. आता ती फोनमध्ये बघते, आणि फोन बऱ्याचदा चुकतो. हे नुकसान कोर्टात नेण्याएवढं नाही हे मान्य. मला खटकतो तो हिशेबातला दुटप्पीपणा. तोच डोंगर रस्त्यावरून नाहीसा होतो तेव्हा त्याची किंमत शून्य, आणि खिडकीतून विकला जातो तेव्हा ‘फ्लोअर राइज’. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट लांबून दिसत राहावा म्हणून १९३० च्या दशकापासून इमारतींच्या उंचीवर बंधनं आहेत. म्हणजे शहराने मनावर घेतलं तर दृश्यही सामायिक ठेवता येतं. आपण राष्ट्रीय उद्यानाचं जंगल कायद्याने राखलं. ते दिसावं असं मात्र कुठेच लिहिलं नाही.

आणि गरजेचं म्हणाल, तर उजेड तरी कुठे राखलाय? मानखुर्द-गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दुपारीही लाइट लावावे लागतात. ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासाने या रचनेचा आणि तिथल्या टीबीचा संबंध दाखवला होता. ज्यांची गरजच अशी भागवली जाते त्यांच्या मौजेचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, ‘ही फक्त मौज आहे’ म्हणायची सवय लागली की गरजही हळूहळू त्याच खात्यात टाकली जाते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. बावीस मजले, साधारण सत्तर मीटर. मी घरी बसून सावलीचा हिशेब केला. २१ डिसेंबरला दुपारी सावली उत्तरेला चौसष्ट मीटर पडेल. सकाळी साडेआठला मात्र ती सपाट जमिनीवर सव्वादोनशे मीटरच्या पुढे जाते, वायव्येला, म्हणजे टेकडीच्या अंगाला. उतारामुळे थोडी आखडेल. एका घरावर फार तर तासभर राहील. पण थंडीतला तो तास म्हणजे गोधड्या वाळत घालायचा आणि म्हाताऱ्यांनी उन्हात बसायचा तास.

मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरोबर आहे तुझं,” एक काका म्हणाले, “पण आपलं स्लॅबचं प्लास्टर पडतंय त्याचं काय?” तेही बरोबर होतं. गेल्या पावसाळ्यात आमच्याच बाथरूमचं छत खाली आलं. निम्म्यापेक्षा जास्त संमती लागते, ती तिथल्या तिथे झाली. बाबांनी सही केली, मीही त्यांना करा म्हटलं. त्यानंतर फ्लॅटची पसंती विचारणारा फॉर्म आला. आईने मला तो भरायला सांगितला: डोंगराकडचा, मिळेल तितका वरचा.