सटवाईची शाई

मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पाट मांडला जातो. पाटावर कोरा कागद, शेजारी लेखणी, तेवता दिवा. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहून जाते, अशी समजूत आहे. सकाळी कागद कोराच असतो, पण लिहिले गेले याबद्दल घरात कुणाला शंका नसते. ‘पाचवीला पुजलेले’ हा शब्दप्रयोग त्याच पाटावरून भाषेत आला.

चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच माणसाच्या बरगडीवर टणक गाठ येते, तपासणीत कर्करोग निघतो, आणि तो कोरा कागद पुन्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. “आयुष्याची दोरी बळकट असेल तर वाचेल,” असे नातेवाईक म्हणतात. “माझ्याच नशिबी का?” असे रुग्ण विचारतो. प्रश्न खरा आहे आणि जुना आहे. आयुष्य आधीच लिहिलेले असेल, तर शस्त्रक्रियेने नेमके काय बदलते?

या आजाराच्या बाबतीत एक दुसरी शाई डोळ्यांनी पाहता येते. छातीच्या भिंतीचा कापलेला तुकडा, त्यात दोन-तीन बरगड्या, त्यांमधले स्नायू आणि गाठ, पॅथॉलॉजीच्या टेबलावर येतो. कुठली बाजू वरची आणि कुठली आतली हे कळावे म्हणून सर्जनने त्याला एक लांब आणि एक आखूड दोरा टाकलेला असतो. तुकड्याच्या कडांना शाई फासतात. हाड आम्लात ठेवून मऊ करतात, त्याला काही दिवस लागतात. मग पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली एकच गोष्ट शोधतात: कर्करोगाच्या पेशी त्या शाईला टेकल्या आहेत का? टेकल्या असतील, तर रोगाचा काही भाग शरीरातच राहिला असण्याची शक्यता मोठी. शाई आणि पेशी यांच्यात निरोगी ऊतीचा पुरेसा पट्टा असेल, तर कड मोकळी आली.

त्या पट्ट्यावर किती अवलंबून असते? प्रौढांमध्ये छातीच्या भिंतीच्या हाडांत उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळतो तो कूर्चेचा, कॉन्ड्रोसार्कोमा. केमोथेरपीला तो फारसा दाद देत नाही, किरणोपचारालाही नाही. उरते ती शस्त्रक्रिया. स्कँडिनेव्हियातल्या अशा १०६ रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची गाठ भोवतालच्या निरोगी भागासह रुंद कडेने काढली गेली, त्यांच्यापैकी ९२ टक्के दहा वर्षांनी हयात होते. ज्यांच्या गाठीतूनच चाकू गेला, त्यांच्यात हे प्रमाण ४७ टक्के होते. हा सगळा फरक चाकूचाच, असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. गाठ अवाढव्य असेल किंवा महत्त्वाच्या रक्तवाहिन्यांना चिकटली असेल, तर निष्णात हातालाही मोकळी कड मिळत नाही; गाठ किती आक्रमक आहे तेही माणसाच्या हाती नसते. तरीही ९२ आणि ४७ यांच्यामधल्या अंतरात माणसाच्या कर्तृत्वाचा आणि चुकांचा वाटा मोठा आहे.

चूक बहुधा साधी असते. गाठ दुखत नाही, हळूहळू वाढते. कुणीतरी ‘चरबीची गाठ’ म्हणते. भूल देऊन ती वरच्या वर काढली जाते, कधी तपासणीलाही जात नाही. काही महिन्यांनी त्याच जागी ती पुन्हा उठते, आणि आता कापायचा भाग आधीपेक्षा कितीतरी मोठा असतो. घरचे म्हणतात, दैव! हे दैव नव्हे. सुईने नमुना घेऊन मगच शस्त्रक्रिया आखली असती, तर टळू शकली असती अशी ही गोष्ट आहे. तिला दैव म्हटले की पुढच्या रुग्णासाठी काही सुधारायचे आहे, हेच आपण विसरतो.

आपल्या परंपरेने हा भेद फार पूर्वी केला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसऱ्या अध्यायात अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो की, आयुष्याची मुदत ठरलेली असते की नसते? आत्रेयांचे उत्तर असे की आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंच्या जोरावर ठरते. दुबळ्या दैवावर बळकट प्रयत्न मात करतो, आणि दैवच बलवान असेल तर प्रयत्न हरतो. सगळेच ठरलेले असते, तर औषधे कुणी घेतली नसती आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून कुणी बाजूला झाले नसते. मग ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस नीट वापरला, तर आपल्या काळाने झिजून संपतो. तोच आस जादा ओझ्याने, खाचखळग्यांच्या वाटेने, अडाणी हाकणाऱ्यामुळे किंवा वंगण न घातल्याने मध्येच मोडतो. मोडलेला आस पाहून कुणी त्याच्या पूर्वजन्माची चौकशी करत नाही. वाट कशी होती, हाकणारा कोण होता, हेच विचारतात.

बुद्धाचे उत्तर आणखी स्पष्ट आहे. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने त्याला विचारले, माणसाला होणारे सगळे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते, असे काही जण म्हणतात, ते खरे का? बुद्धाने पित्त, कफ, वात, त्यांचे एकत्र बिघडणे, ऋतुबदल, वागण्यातली हयगय, बाहेरचा आघात अशी कारणे सांगितली. कर्म हे आठांपैकी एक. सगळे खापर कर्मावर फोडणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे धाव घेतात, असे त्याचे म्हणणे.

हे वाचल्यावर रुग्णाला ‘काय पाप केले होतेस’ असे विचारण्याचे धाडस होऊ नये. कर्करोग साधुपुरुषांनाही चुकलेला नाही. रामकृष्ण परमहंस १८८६ साली घशाच्या कर्करोगाने गेले. रमण महर्षींच्या डाव्या हाताला कोपराजवळ गाठ आली. १९४९च्या फेब्रुवारीत ती काढली, पण परत आली, आणि सार्कोमा, म्हणजे हाड-स्नायूंसारख्या ऊतींचा कर्करोग, निघाली. त्या वर्षात चार शस्त्रक्रिया झाल्या. हात कापण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही आणि १४ एप्रिल १९५० रोजी त्यांनी देह ठेवला. देहाशी आपले नाते काय, याबद्दलचे त्यांचे उत्तर त्यांच्या साधनेतून आलेले होते. त्या निवडीचा मान ठेवावा. पण तिच्या आधाराने दुसऱ्या कुणाला उपचारांपासून परावृत्त करू नये. ज्याला मुलीचे लग्न पाहायचे आहे, त्याची जगण्याची इच्छा अध्यात्मात कमी प्रतीची ठरत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा पुरुषकार फार साधा दिसतो. छातीच्या भिंतीत मोठे भगदाड राहिले, तर श्वास घेताना तो भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो. म्हणून तिथे जाळी, हाडांचे सिमेंट किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतात, वर पाठीचा स्नायू फिरवून आणतात. २०१५ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ५४ वर्षांच्या एका रुग्णाला त्रिमितीय छपाईने मेलबर्नमध्ये घडवलेली टायटॅनियमची उरोस्थी आणि बरगड्यांचा भाग बसवण्यात आला; बाराव्या दिवशी तो घरी गेला. पण जिथे साधी जाळी वापरली आहे तिथल्या खाटेवरही तीन चेंडूंचे छोटे प्लास्टिकचे यंत्र असते. नळीतून श्वास ओढायचा आणि चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एक चेंडू जेमतेम हलतो. टाके ओढतात, घाम फुटतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरा उचलला जातो. शेजारी बसलेली बायको मोजत असते. फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया होऊ नये, यासाठी हा व्यायाम आहे, आणि तो रुग्णाऐवजी दुसरे कुणीही करू शकत नाही.

वाचकांना एवढेच सांगणे आहे की बरगडीवर किंवा छातीच्या मधल्या हाडावर टणक, वाढती गाठ लागली, तर ती दुखत नसली तरी तपासल्यावाचून कुणालाही काढू देऊ नका. आधी स्कॅन करा, मग सुईने नमुना घ्या, आणि शक्य असेल तर परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, सार्कोमाचे रुग्ण नेहमी पाहणाऱ्या रुग्णालयात दाखवा. शस्त्रक्रिया झाली असेल, तर पॅथॉलॉजीचा अहवाल हातात घेऊन डॉक्टरांना विचारा, “कड मोकळी आली का?”