चहा-बिस्किटांचा पराक्रम

बस. पर्स खाली ठेव, आणि तो मोबाइल पालथा घाल. चौदा किलो उतरल्याचा तुझा फोटो मी तीनदा पाहिलाय, चौथ्यांदा बघायची इच्छा नाही.

काल भाईंदर स्टेशनच्या पुलावर घाम फुटून तू पायरीवर बसलीस, हात थरथरत होते, कुणा अनोळखी बाईनं लिमलेटची गोळी तोंडात घातली. हे मला तुझ्या आईकडून कळलं. तू सांगणार नव्हतीसच. गृहपाठ केला नसला की शाळेतही अशीच खिडकीबाहेर बघायचीस.

सकाळपासून पोटात काय होतं? कपभर चहा आणि चार बिस्किटं. वर आईला ऐकवतेस, "मला भूकच लागत नाही!" अगं, भूक लागू नये म्हणूनच तू घेतेस ते वजनाचं इंजेक्शन आहे. त्यात तुझा पराक्रम कसला? ते मेंदूला पोट भरल्याची खबर देतं आणि जठर सावकाश रिकामं होऊ देतं. भूक ही नुसती घंटा होती. घंटा बिघडली म्हणून शाळा सुटली, असं कुणी सांगितलं तुला?

औषधाला मी नावं ठेवत नाही. या इंजेक्शनांपैकी २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपेटाइड आपल्याकडे आलं, जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड. तुझी साखर बघून डॉक्टरांनी दिलं असेल, तर विचार करूनच दिलं असेल. पण तुझी जुनी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे, हे त्यांना सांगितलंस? मान हलवू नकोस, तोंडानं बोल. नाही सांगितलंस! ती गोळी स्वादुपिंडाला दटावून इन्सुलिन सोडायला लावते. तू जेवलीस की नाही, ते तिला काय माहीत? काल साखर घसरली असणार ती त्यामुळेच. आजच फोन करून विचार. स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही, कमीही करायची नाही.

आता त्या लाडक्या वजनकाट्याबद्दल. चरबी उतरली की स्नायू, हे त्याला कळत नाही. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात. पुलाचा जिना चढताना पाय का भरून येतात? केसांचे पुंजके का निघतात? आणि पाणी पीत नाहीस, भाजी खात नाहीस, मग पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण शोधत फिरतेस.

पाटी घे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली सांगितलंय, निरोगी माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. तुझं वजन ७८. गुणाकार कर. जवळजवळ ६५ ग्रॅम. वजन उतरवणाऱ्यांना पुष्कळदा याहून जास्तच सांगतात. मूत्रपिंड ठीक आहे ना, तेही डॉक्टरांना विचारून घे. तुझ्या चहा-बिस्किटांत किती? तीन-चार ग्रॅम. नापास.

आणि ही पोर उत्तनची! जिच्या दारात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतात, ती मला सांगते प्रथिनांची महागडी पावडर मागवलीय. मागव, पैसे तुझे. पण पातळ कालवणातला बोंबील, मूठभर जवळा, एक अंडं, वाटीभर मुगाचं वरण, दही, हे काय परदेशातून आणायचंय? पोटात जागा थोडी आहे ना, मग आधी मासा, अंडं, डाळ. भात मागून, उरली जागा तर. पाणी जेवताना ढोसायचं नाही, दिवसभर घोटघोट प्यायचं. आणि स्टेशनबाहेरचा वडापाव खाऊन मळमळलं की इंजेक्शनला शिव्या घालायच्या नाहीत. जठर आधीच सावकाश चालतंय, त्यात तेलकट तासन् तास बसून राहतं.

भूक लागायची वाट बघू नकोस. तुझा डबा आता घड्याळ ठरवेल. विरार लोकलमध्ये जागा मिळवायला मिनिट न् मिनिट मोजतेस, तेवढं जेवायला मोज.

पोटात कळ उठून थांबतच नसेल, उलट्या होत असतील, तर मात्र माझ्याकडे नाही, तडक दवाखान्यात जायचं.

रडू नकोस. डोळे पूस आणि ते ताट पुढे ओढ. मुगाचं धिरडं आहे, दही आहे. अर्धंच खा, पण माझ्यासमोर खा. चहा? चहा नंतर. बिस्किटं नाहीत माझ्या घरात.