खरा हिरा आणि खरं बोलणं

हिरा अस्सल असेल तर आपण त्याला 'खरा हिरा' म्हणतो. माणूस जे घडलं तेच सांगत असेल तर म्हणतो, 'खरं बोलतोय'. उलट बाजूलाही तेच: 'खोटे दागिने' आणि 'खोटं बोलणं'. वस्तूचा अस्सलपणा आणि शब्दाचा खरेपणा, दोन्हींचं काम मराठीत एकाच शब्दावर भागतं. एरवी याकडे लक्ष जात नाही. पण सध्या हिऱ्यांच्या बाजारात जे चाललंय ते समजून घेताना मला हा शब्द पुन्हा पुन्हा आडवा आला. खरा म्हणजे नेमकं काय?

आधी दगडाबद्दल बोलू, कारण तो भाग सोपा आहे. हिरा ओळखण्याच्या घरगुती युक्त्यांची रील्स तुम्हीही पाहिली असतील. खड्यावर तोंडाची वाफ सोडायची. काचेवर ती काही क्षण रेंगाळते, हिऱ्यावरून जवळजवळ लगेच उडते. यामागे विज्ञान आहे: हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट वेगाने उष्णता वाहून नेतो. दुसरी युक्ती वर्तमानपत्राची. सुटा खडा छापील ओळीवर पालथा ठेवायचा, आणि आरपार अक्षरं वाचता आली तर शंका घ्यायची. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ इतका जास्त असतो, त्यामुळे नीट पैलू पाडलेल्या हिऱ्यात प्रकाश सरळ आरपार न जाता आतल्या आत वळून परत फिरतो. हिऱ्याची झगमग म्हणतात ती हीच.

आपल्याकडची सर्वांत गाजलेली परीक्षा मात्र ऐरणीवरची. तुकोबांच्या अभंगामुळे ती घरोघरी माहीत आहे. माणसाची पारख संकटात होते हे सांगायला यापेक्षा चांगलं रूपक सापडणार नाही. फक्त घरी करून पाहू नका. हिरा कठीण असतो म्हणजे त्याच्यावर सहजी ओरखडा उठत नाही. पण ठरावीक दिशांनी तो दुभंगू शकतो, आणि हातोडीच्या घावाने अस्सल हिऱ्याचेही तुकडे होतात.

सराफाकडच्या परीक्षा जास्त सौम्य आहेत. क्युबिक झिर्कोनिया हा खडा त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड भरतो, त्यामुळे सुट्या खड्याच्या बाबतीत काटाच पुष्कळ सांगून जातो. मॉयसनाइट जास्त चलाख. उष्णता मोजणाऱ्या साध्या टेस्टरला तो चकवतो. पण दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तिरकं पाहिलं, तर त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा जोडीने दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात.

यातल्या क्युबिक झिर्कोनियाला आपल्या बाजारात 'अमेरिकन डायमंड' म्हणतात. हे नाव म्हणजे एक विनोदच आहे. तो डायमंड नाही आणि अमेरिकनही नाही. त्याचे मोठे स्फटिक बनवण्याची पद्धत १९७०च्या दशकात मॉस्कोतल्या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी विकसित केली. इतकं खोटं नाव असूनही यात कुणी फसत नाही. लग्नात पैठणीवर एडीचा सेट घालून मिरवणाऱ्या बाईला तो एडीचा आहे हे माहीत असतं, बघणाऱ्यांनाही माहीत असतं. 'किती छान दिसतोय, कुठून घेतलास?' असं मोकळेपणाने विचारलं जातं. खोटे दागिने घातले म्हणून ती बाई खोटारडी ठरत नाही. खरं-खोटं या शब्दाची पहिली फट मला इथे दिसते.

दुसरी फट जास्त रुंद आहे. १७९७ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिरा जाळून दाखवून दिलं की हा निव्वळ कार्बन आहे. म्हणजे कोळशाचाच भाऊबंद. मग कार्बनपासून हिरा का करू नये, असा प्रयत्न दीडशे वर्षं चालला, आणि १९५४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तो जमला. आज प्रचंड दाब आणि उष्णता देऊन, किंवा कार्बनयुक्त वायूतून थरावर थर चढवून, काही आठवड्यांत दागिन्यात बसवण्याजोगा हिरा वाढवता येतो. सुरतेत असे कारखाने आहेत. २०२३ साली पंतप्रधान मोदींनी जिल बायडन यांना साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला, तो असाच प्रयोगशाळेतला होता.

हा हिरा नकली नाही. वाफ तशीच उडते, वजन तेवढंच भरतं, टेस्टर बिनदिक्कत 'हिरा' म्हणतो, कारण तो हिराच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ साली हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द काढून टाकला. मुरलेल्या झवेऱ्यालाही नुसत्या भिंगातून फरक सांगता येईलच असं नाही. त्यासाठी वेगळी यंत्रं लागतात, आणि ती काय शोधतात हे कळल्यावर मी थबकले. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत थोडा नायट्रोजन असतो. जमिनीखाली शेकडो किलोमीटरवर, प्रचंड उष्णतेत, कोट्यवधी वर्षं राहिल्यामुळे त्याचे अणू हळूहळू सरकत एकमेकांना येऊन चिकटलेले असतात. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यात नायट्रोजन जवळजवळ नसतो, किंवा असला तर बहुधा सुटा सुटा असतो. त्याला एकत्र यायला वेळच मिळालेला नसतो. थोडक्यात, यंत्र हिऱ्यामध्ये काळ शोधत असतं.

म्हणजे 'खरा हिरा' या शब्दांत दोन वेगळे प्रश्न आहेत. तो कशाचा बनलाय, हा एक. तो कुठून आलाय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात दोन्ही हिरे पास होतात. किमतीत जी दरी आहे ती सगळी दुसऱ्या प्रश्नाची.

वस्तूचा इतिहास महत्त्वाचा मानणं हा वेडेपणा आहे का? मला तसं वाटत नाही. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी हरवली आणि कुणी हुबेहूब तशीच, टाक्याला टाका जुळवून, दुसरी आणून दिली, तरी ती आजीची गोधडी होणार नाही. ऊब तेवढीच मिळेल आणि तरीही काहीतरी गेलेलं असेल. त्यामुळे अब्जावधी वर्षं जुना, ज्वालामुखीने वर फेकलेला दगड बोटात असावा असं कुणाला वाटलं तर मी हसणार नाही.

पण मग इतिहास घ्यायचा तर सगळा घ्यावा लागतो. पृथ्वीच्या पोटातली अब्जावधी वर्षं ठेवून शेवटची दीडदोनशे वर्षं गाळता येत नाहीत. आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण 'नासक' हिऱ्याचं. नाशिकवरून त्याला हे नाव पडलं. तो त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात होता असं सांगितलं जातं. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला, लंडनला जाऊन विकला गेला, पुन्हा पुन्हा कापला गेला. मुळात नव्वदच्या आसपास कॅरट असलेला तो दगड १९४० साली न्यू यॉर्कच्या हॅरी विन्स्टनने कापल्यावर ४३.३८ कॅरटचा उरला. तो अस्सल आहे याबद्दल कुणाच्याही मनात शंका नाही. आणि तो लूट आहे, हेही तितकंच अस्सल.

अलीकडचं बघा. हिऱ्यांच्या पैशावर यादवी युद्धं पोसली जाऊ नयेत म्हणून २००३ सालापासून किंबर्ली प्रोसेस लागू झाली. पण तिच्या व्याख्येत बंडखोर गटांना पैसा पुरवणारे हिरेच येतात. झिम्बाब्वेच्या मरांगे भागात २००८ साली सरकारी लष्करानेच खाणीवरच्या माणसांना मारलं, आणि तिथले हिरे पुढे अधिकृतपणे निर्यात झाले. या व्यवस्थेसाठी झटलेली ग्लोबल विटनेस ही संस्था २०११च्या डिसेंबरात तिच्यातून बाहेर पडली. प्रयोगशाळेचा हिरा या बाबतीत सुटसुटीत वाटतो, पण त्यालाही भरपूर वीज लागते, आणि ती कोळशावरची आहे का, हे विचारावंच लागतं. दोन्ही प्रकारच्या हिऱ्यांना पैलू पाडणारे सुरतेचे कारागीर तर अनेकदा तेच असतात. मंदी आली की काम त्यांचंच जातं.

राहिला आकर्षणाचा प्रश्न. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतातूनच जात होते. आपल्याला हिऱ्याचं वेड नवं नाही. पण 'साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी हवीच' ही भावना नवी आहे, आणि तिचा कारखाना माहीत आहे. हिरा कायम टिकतो, या अर्थाचं डी बिअर्सचं प्रसिद्ध घोषवाक्य १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी या कॉपीरायटरने लिहिलं. त्यापूर्वीच दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून इतके हिरे निघायला लागले होते, की पुरवठ्यावर ताबा ठेवल्याशिवाय भाव टिकला नसता. डी बिअर्सने तो ताबा अनेक दशकं ठेवला.

भावना जाहिरातीतून आली म्हणून ती खोटी ठरते, असंही मी म्हणणार नाही. मंगळसूत्रातले काळे मणी बहुधा साध्या काचेचे असतात. ते खरे आहेत का, असं कुणी विचारत नाही, त्यांच्यावर कुणी टेस्टर टेकवत नाही. त्यांची किंमत त्यांच्याभोवती माणसांनी जे बांधलंय त्यातून येते. हिऱ्याचं नेमकं उलट झालंय. तिथे आपण भावनेची खात्री दगडाच्या किमतीवरून करतो. म्हणून दगडाची खात्री करायला आपल्याला एवढी यंत्रं लागतात.

हे सगळं मला एका मैत्रिणीमुळे नीट विचारात घ्यावं लागलं. तिच्या साखरपुड्याची अंगठी प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची आहे. तिने आणि त्याने मिळून ठरवून घेतलेली. सासरी मात्र सगळे खाणीतला हिरा समजून कौतुक करत होते. ती मला म्हणाली, "मशीनसुद्धा हिराच म्हणतं. मी पण हिराच म्हणते. मग मी खोटं काय बोलतेय?"

तिचा मुद्दा लंगडा नाही. भेटवस्तूची किंमत जाहीर करायची सक्ती कुणावर नसते, आणि गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण मला युधिष्ठिर आठवला. अश्वत्थामा गेला असं त्याने सांगितलं तेव्हा त्या नावाचा हत्ती खरंच मेला होता. शब्द खरा होता. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं ते शब्दामुळे नव्हे, त्यांना त्यातून जे समजलं त्यामुळे. आणि काय समजेल, हे युधिष्ठिराला आधीच माहीत होतं.

सासूबाईंच्या कानावर 'हिरा' हा शब्द पडतो तेव्हा त्यात दुर्मिळपणा येतो, आणि मुख्य म्हणजे अडीनडीचा आधार येतो. आपल्याकडे दागिना हा बाईचा विमा असतो. खाणीतल्या हिऱ्यालाही विकताना घेतलेल्या किमतीपेक्षा बरंच कमी मिळतं. प्रयोगशाळेतल्याला तर फारसं काहीच मिळत नाही. समजा, वीस वर्षांनी घरात आजारपण आलं आणि ती अंगठी घेऊन कुणी सराफाकडे गेलं. खरं तेव्हा बाहेर येईल, घरातल्या सर्वांत वाईट दिवशी, एका परक्या माणसाच्या तोंडून. मी मैत्रिणीला एवढंच म्हटलं. तिने नंतर घरी सांगून टाकलं आणि प्रमाणपत्र अंगठीच्या डबीतच ठेवलं. सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "मग उरलेल्या पैशांचं काय केलंत?"

तर मला सापडलेलं उत्तर साधं आहे. पदार्थ कुठला, हे यंत्र सांगेल. कुठून आला, हे प्रयोगशाळेतलं जरा महाग यंत्र सांगेल. कुणाच्या हातून, कुणाच्या जिवावर आला, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. तिथे माणसाच्या शब्दावरच विसंबावं लागतं. म्हणून विकत घेताना तिन्ही गोष्टी विचारा, उत्तर बिलावर लिहून घ्या, प्रमाणपत्राचा नंबर खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असेल तर तो भिंगातून जुळवून पाहा. आणि भेट देताना, जे समजून समोरचा आनंदतोय ते तसंच आहे ना, एवढं स्वतःला विचारा. मग तो खाणीतला असो, प्रयोगशाळेतला असो की दोनशे रुपयांचा एडी.

झवेरी बाजारातल्या काचेमागे खडे झगमगताना दिसले की मी अजूनही थांबते. कोणता कुठला, हे मला ओळखता येत नाही. त्यांच्यातला कुणीही खोटं बोलत नाहीये. त्यांच्याबद्दल काय सांगायचं, हे दुकानाच्या आतली माणसं ठरवतात, आणि मग डबी घरी नेल्यावर आपण.