युद्धकाळ, गुपित आणि अमानत

7 मे 2025 रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि 10 मे रोजी शस्त्रसंधी झाली. त्या चार दिवसांत मेहकर तालुक्यातील डोणगावसारखे सीमेपासून दूरचे गावही मोबाइलच्या पडद्यामुळे युद्धापासून दूर राहिले नाही. पूंछमध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात एक मदरसा शिक्षक मृत्युमुखी पडले. काही वृत्तवाहिन्यांनी त्यांनाच दहशतवादी म्हटले. पोलिसांना खुलासा करावा लागला की त्यांचा दहशतवादाशी काहीही संबंध नव्हता. ज्या घरातून जनाजा उठला, त्याच घरावर खोट्या बातमीचा घाव बसला.

युद्धात सरकारने काय लपवावे, जनतेला काय सांगावे आणि नागरिकाच्या खाजगी जीवनात कोठवर डोकावावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ कायदेपंडितांचा नाही. तो अखलाकचा, नैतिकतेचा प्रश्न आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात याची दोन उदाहरणे आढळतात. मक्काविजयापूर्वी हजरत हातिब (र.) यांनी मुस्लिमांच्या तयारीची वार्ता देणारे पत्र एका स्त्रीच्या हाती कुरैशकडे पाठविले. प्रेषितांनी (स.) हजरत अली (र.) आणि सोबत्यांना पाठवून ते पत्र परत आणविले. लष्करी गुपित राखणे हा राज्याचा हक्क आहे, हे येथे स्पष्ट होते. परंतु पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. मदीनेतील घराघरांची झडती घेतली गेली नाही. शोध एका निश्चित पत्राचा होता आणि तेवढ्यावरच थांबला. हजरत उमर (र.) संतापले होते, तरी प्रेषितांनी (स.) आधी हातिब (र.) यांना विचारले, "हे काय आहे?" त्यांनी मक्केतील आपल्या असुरक्षित कुटुंबीयांची काळजी सांगितली. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले आणि बद्रच्या लढाईतील त्यांचा सहभाग स्मरून त्यांना माफी मिळाली. तेथे खबर ईशप्रकटनाने मिळाली होती; त्यात चुकीला वाव नव्हता. आजच्या सरकारांजवळ मात्र केवळ संशय असतो. ज्यांची माहिती चुकू शकते, त्यांनी अधिक सावध असावयास नको काय?

दुसरे उदाहरण तबूकचे. हजरत कअब बिन मालिक (र.) सांगतात की प्रेषित (स.) मोहिमेचे ठिकाण सहसा गुप्त ठेवीत. तबूकच्या वेळी मात्र उन्हाळा कडक होता, प्रवास लांबचा होता, शत्रू प्रबळ होता. म्हणून लोकांना तयारी करता यावी यासाठी त्यांनी सारे उघड सांगितले. यातून एक मापदंड मिळतो: ज्या माहितीने शत्रूचा फायदा होतो ती झाकावी, ज्या माहितीवाचून जनतेला ओझे पेलता येत नाही ती सांगावी. सत्ताधाऱ्यांची चूक झाकण्यासाठी वापरलेले गुपित या दोहोंत बसत नाही.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने जातो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात देशाच्या सुरक्षेला बाध आणणारी माहिती देण्यापासून सूट आहे. परंतु जनहित अधिक मोठे असेल तर अशी माहितीही देता येते. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. कारगिलनंतर नेमलेल्या समितीचा अहवाल 2000 साली संसदेत मांडला गेला. सुरक्षेशी संबंधित भाग वगळले, पण उणिवा देशासमोर आल्या. त्यामुळे देश दुबळा झाला नाही.

तथापि केवळ सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. सूरह निसाच्या 83 व्या आयतीत शांतता वा भीतीची खबर मिळताच ती पसरविणाऱ्यांची निंदा आहे. ती जाणत्या जबाबदारांकडे नेण्याची शिकवण आहे. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा (49:6) आणि दुसऱ्याच्या गोष्टी हुडकत न फिरण्याचा (49:12) आदेश आहे. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असा हदीसचा आशय आहे. लष्करी ताफ्याचे छायाचित्र पुढे पाठविणारा आणि शेजाऱ्याविषयीचा संशय गटावर टाकणारा, दोघेही अमानतीत खयानत करतात. एक देशाची, दुसरा माणसाच्या अब्रूची.

आपल्यापैकी अनेकांना संशयाच्या नजरेचा चटका ठाऊक आहे. म्हणूनच तो चटका दुसऱ्याला न देण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे. न्याय मागताना माहितीचा अर्ज करावा, कायद्याचा मार्ग धरावा. आणि आपल्या हातातील मोबाइलचाही हिशेब कियामतच्या दिवशी द्यावयाचा आहे, हे विसरू नये. अल्लाह आपल्याला सत्य बोलण्याचे धैर्य आणि झाकण्याजोगे झाकण्याची समज देवो. आमीन.