भाषांतरकाराचे नाव

विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपणे आणि सत्य दडपणे यांतील सीमा कोठे असते?

कलकत्त्याच्या खिदिरपुरातील वकिलाचे पुत्र मायकेल मधुसूदन दत्त १८४३ साली ख्रिस्ती झाले. निळीच्या मळ्यांतील रयतेचे हाल दाखविणाऱ्या दीनबंधू मित्रांच्या ‘नीलदर्पण’ नाटकाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले असे परंपरा मानते. काही अभ्यासकांना ते मान्य नाही. संशय उरला, कारण पुस्तकावर भाषांतरकाराचे नाव नव्हते. १८६१ साली मळेवाल्यांच्या बदनामीचा खटला झाला, तेव्हा ते छापविणारे मिशनरी रेव्ह. जेम्स लाँग यांनी जबाबदारी पत्करली, पण ते नाव उघड केले नाही. एक हजार रुपये दंड व एक महिना कैद झाली. दंड कालीप्रसन्न सिंह यांनी भरला. कैद लाँग यांनीच भोगली.

लाँग यांच्या मौनाची किंमत लाँग यांनीच दिली, हे मला निर्णायक वाटते. आपल्या संस्थांत (हे लिहिताना संकोच होतो) पुष्कळदा उलटे घडते: पीडिताचे नाव चहाबरोबर फिरते, अपराध्याचे मात्र ‘गोपनीय’ म्हणून कपाटात राहते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ पक्षकाराने वकिलाला सांगितलेले जपतो, दुभाष्यालाही त्या बंधनात घेतो. परंतु बेकायदा हेतूने सांगितलेल्या गोष्टीला तो आश्रय देत नाही.

म्हणून वकील, वैद्य वा समुपदेशक असाल, तर काय जपाल आणि काय जपणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. लेकराला इजा होत असेल तर मी गप्प राहणार नाही, हे ऐकून एखादा उठून जाईल. त्याला जाऊ द्यावे.