शिक्का पडलेलं तिकीट

इंग्रजी अमदानीत आपली टपालतिकिटं लंडनहून छापून येत. १९२६पासून ती नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. १९५२ साली कबीर, मीरा, गालिब यांच्या तिकिटांची मालिका निघाली, तीही इथलीच. तरी प्रेस कामगाराच्या पोराला तिकिटांची चंगळ कधीच नव्हती. सुटताना गेटवर झडती, कपटाही बाहेर येत नसे. इतर पोरांसारखा त्यालाही शेजाऱ्यांच्या पाकिटांवरच डोळा ठेवावा लागे. कुणाचा मामा आखातात असला की त्या घराला भाव. पाकिटाचा कोपरा कात्रीनं कापायचा, वाटीभर पाण्यात टाकायचा, गोंद सुटला की तिकीट अलगद सोडवून वर्तमानपत्रावर पालथं वाळत घालायचं. मग सौदे: हंगेरीची तीन दिली तर भूतानचं एक.

हा छंद गेला, तो पोरं बिघडली म्हणून नव्हे. मोठ्यांनी पत्रं लिहिणं सोडलं. पोरवयातला रिकामा वेळ बहुतेक मोठ्यांच्या उष्ट्यावरच पोसला जातो: सिगारेटची पाकिटं, काडेपेटीवरची चित्रं, थोरल्याची सायकल. आज पोराच्या हातात पहिला फोन येतो तोही बहुधा बापाचा जुनाच. ‘आमच्या वेळी’ असं सुरू करणाऱ्यांना एवढं आठवत नाही.

टपाल खात्याला मात्र चुटपुट लागली असावी. २०१७ साली त्यांनी ‘दीनदयाळ स्पर्श’ योजना काढली. सहावी ते नववीतल्या निवडक तिकीटसंग्राहकांना वर्षाला ६,००० रुपये. त्यासाठी प्रश्नमंजूषा सोडवायची, प्रकल्प करायचा. हेतू चांगला, पण निवड आणि गुण आले की छंदाचा क्लास होतो, आणि नाशिक रोडच्या पोरांना क्लासेस काय कमी आहेत?

फोनचं दुखणं वेगळं आहे. शिक्का पडलेलं तिकीट कामातून गेलेलं असे. पोरानं वही मिटली की ते मागे लागत नसे. फोन बापाच्या कामातून गेला तरी कंपन्यांच्या कामातून जात नाही. एक व्हिडिओ संपतो न संपतो तोच दुसरा हजर, कारण पोराचा वेळ हाच त्यांचा माल. शिवाय साठत काहीच नाही. चेकोस्लोव्हाकिया हा देश १९९३ साली उरला नाही, पण त्याची तिकिटं जुन्या वह्यांत आहेत. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा पोरांनी गच्चीवर, गल्लीत, पार्किंगमध्ये केलेले नाच आणि नकला बघता बघता दिसेनाशा झाल्या. हळहळ फार दिवस टिकली नाही. जुलैतच इन्स्टाग्रामचे रील्स आले आणि पोरं तिकडे सरकली. थोड्या दिवसांनी आईबापही तिथेच सापडले.