पायरी, उतार आणि समता



वस्त्यावस्त्यांत आपली समाजमंदिरे आणि वाचनालये उभी आहेत. कोणी वर्गणी दिली, कोणी श्रमदान केले. बहुतेक ठिकाणी एक खोली, दोन-तीन पायऱ्या आणि समोर अरुंद बोळ. अशा जागेत अपंग माणसाला येता यावे म्हणून फेरबदल करताना इतरांची गैरसोय झाली, तर न्याय कशात आहे? हा प्रश्न केवळ गवंड्याचा नाही, नीतीचा आहे.

प्रथम अडचणी प्रामाणिकपणे मान्य करू. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. जोते दीड फूट असेल तर उतार १८ फूट, रुंदी ४ फूट, शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवायला पाच-पाच फूट सपाट जागा. लहान खोलीपुढे एवढे अंगण कोठून आणावे? उतार बोळात काढला तर वाट अडते आणि पांढरी काठी घेऊन चालणारा आंधळा माणूस त्यावर अडखळतो. आत घेतला तर बसण्याची जागा जाते. दार रुंद करावे तर जुन्या भिंतीला धक्का लागतो. अंधांसाठी उठावाच्या लाद्या बसवल्या तर कुबडीवाल्याला त्याच अडतात. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण, असे खरोखर घडते.

पण सर्वांत वाईट गोष्ट वेगळीच आहे. जागा नाही म्हणून चार फुटांत दीड फूट चढवलेला उतार! त्यावरून खुर्ची मागे उलटते. कागदावर सोय झाली, माणूस मात्र बाहेरच.

कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर चालत जावे लागले. तेथे आडवा आला तो द्वेष, येथे आडवी येते ती पायरी. दोन्ही एक नव्हेत. परंतु दाराबाहेर राहणाऱ्याच्या वाट्याला येते ते बाहेर राहणेच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा सार्वजनिक इमारती सुगम करा असे सांगतो. वाजवी सोय करताना अवाजवी बोजा पडू नये, हेही तो मानतो. तेव्हा अडचण सांगणे हा गुन्हा नाही. मात्र अडचण आणि सबब यांतला फरक ओळखला पाहिजे. अडचण माणसाला उपाय शोधायला लावते, सबब त्याला घरी बसवते.

कोणी म्हणेल, एकासाठी दहा जणांची जागा का घालवावी? येथे डोकी मोजून चालणार नाही, नुकसान कोणत्या जातीचे आहे ते पाहा. त्या दहांना दाटीवाटीने बसावे लागेल, पण ते सभेत असतील. तो एकटा सभेतच नसेल. थोडी गैरसोय आणि संपूर्ण वगळणूक यांची बरोबरी होऊ शकत नाही.

भिंत पडेल असे असेल तर भिंत फोडू नका. सभा मोकळ्या अंगणात घ्या. उचलून ठेवता येईल असा फळीचा लांब उतार करा. पायऱ्यांना कठडा लावा, पुस्तकांचे कपाट खाली आणा. माणसाला उचलून आत नेणे मात्र सोय समजू नका. त्यात मदत असते, पण त्याचे स्वतःच्या इच्छेने येणे-जाणे राहत नाही.

आणि विटा आणण्यापूर्वी एक करा. ज्याच्यासाठी हे करायचे आहे त्याला आधी विचारा. त्याचे घर आपल्याच गल्लीत आहे. त्याला न विचारता केलेला उपकार त्याच्या उपयोगी पडेलच असे नाही. पुढच्या बैठकीला मोजपट्टी घेऊन जा, आणि ती बैठक त्याला येता येईल अशा जागी भरवा.